पडताळा तेवढा राहिला

देव नेमके किती आहेत, याची काळजी खुद्द देवालाही नसेल तेवढी आमच्या बांधापलीकडच्या मास्तरांना आहे. वसईत आमची केळीची वाडी आणि त्यांची सोनचाफ्याची, मध्ये हातभर उंचीचा बांध. अलीकडे आमची तुळस, पलीकडे त्यांचा क्रूस. मास्तरांनी उभी हयात शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर खडू खाली ठेवला तरी गणित काही ठेवलं नाही. "आमच्याकडे एकात तीन, तुमच्याकडे एकात तेहतीस कोटी! हे आता माझ्याशिवाय कोण सोडवणार?" असं कपाळावर हात मारून म्हणतात, पण मनातून भलतेच खूश असतात.

माझ्या वडिलांशी, म्हणजे आबांशी, त्यांनी हा वाद चाळीस वर्षं घातला. सकाळी झाडांना पाणी सोडून झालं की बांधाच्या या अंगाला आबा आणि त्या अंगाला मास्तर. आबा सातवी पास, पण जीभ वकिलाची. "मास्तर, एकाचे तीनच केलेत? फार काटकसरी बुवा तुम्ही!" असं म्हणाले की मास्तरांचे कान लाल व्हायचे. सगळ्या नद्या समुद्रालाच मिळतात, असं काही आबा बोलले की मास्तर बांधावर काठी आपटत. "हे उदाहरण झालं, सिद्धता नव्हे! दहापैकी दोन." आबांना आयुष्यात चारच्या वर मार्क मिळाले नाहीत. तेही एकदाच, आणि त्या दिवशी घरात शिरा झाला होता.

मास्तरांची अडचण मात्र खरी होती. ते म्हणत, "हे बघ, अमर्याद देव दोन असूच शकत नाहीत. दुसऱ्याची हद्द लागली की पहिला संपला. मग तो कसला अमर्याद, तो तर आपल्यासारखा बांधवाला! तेव्हा देव एकच, हे पक्कं. पण तुझा देव स्वतःच कुंभार आणि स्वतःच माती. माझा देव मडकं घडवून वेगळा उभा राहिलेला. हे दोघं एकच, हे मांडू कसं?" आबा म्हणत, "मांडू नका, चहा घ्या." चहा संपायचा, वाद उरायचा. मग मास्तर बाहेर मदत शोधत. चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपल्यावर ते पुढे येताना दिसले की फादर मागच्या दाराने निघायचे. सप्ताहातल्या एका कीर्तनकारबुवांना त्यांनी निरूपणाच्या मध्येच "ही पायरी गाळलीत" असं ऐकवलं, तेव्हा बुवांनी घाईघाईने आरतीच सुरू केली.

आणि एक दिवस आबा गेले. दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. झाडावर बसून नुसता मान वाकडी करून बघत होता. आम्ही काय काय कबूल केलं! आईला सांभाळू, वाडी विकणार नाही, धाकट्या नातीचं लग्न थाटात करू. छे! भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात रविवारच्या पांढऱ्या शर्टातले मास्तर गर्दीतून पुढे झाले आणि पिंडासमोर काठी टेकून म्हणाले, "वाद मी अर्धवट सोडणार नाही. शब्द देतो." कावळा सरळ खाली आला की हो! बायका रडायला लागल्या. मी मास्तरांचा हात धरला, तर ते पुटपुटले, "ही सिद्धता नव्हे. त्याला भूक लागली असेल."

पण शब्द तो शब्द. त्या दिवसापासून वादाला आबांच्या जागी मी. माझी पन्नाशी उलटली, तरी मला "पोरा" म्हणून हाक मारून ते उभं करतात. त्यांच्या मुलाने एव्हरशाईनच्या नव्या इमारतींत फ्लॅट घेतलाय. तो न्यायला आला की म्हणतात, "गॅलरीत वाद होत नाही, त्याला बांध लागतो." एकदा मी वैतागलो. "मास्तर, देव एक असो की दहा, तुम्हाला काय फरक पडतो? कशाला एवढा जीव काढता?" त्यांनी बांधावर पडलेलं केळीचं वाळकं पान काठीने बाजूला सारलं. मग म्हणाले, "अरे, देव दोन असले तर मी एकीकडे जाणार आणि तुझा बाप दुसरीकडे. मग भेट कुठली?" मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. चाळीस वर्षं हा माणूस देवाचं नाही, माझ्या बापाचं गणित सोडवत होता.

परवा त्यांनी मला हाक मारली. हल्ली बांधापर्यंत यायला त्यांना दोनदा बसावं लागतं. हातात शाळेची दोनशे पानी वही. "झालं," म्हणाले. "देव अमर्याद, म्हणजे मातीच्या बाहेर तो आहेच. पण मातीत नसेल, तर माती ही त्याची हद्द झाली. म्हणून आतही तोच. तुझा बाप आत बघत होता, मी बाहेर. दोघांनाही दहापैकी पाच."

"म्हणजे सुटलं?"

"पडताळा राहिला. तो तिकडे जाऊनच घ्यावा लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझी पोरं मला मातीत ठेवतील, फादर प्रार्थना म्हणतील, ते सगळं रीतसर होऊ दे. पण दहाव्या दिवशी तू या बांधावर एक घास भात ठेव. कावळा लगेच शिवला, तर समज, भेट झाली आणि वाद मिटला."

"आणि नाही शिवला तर?"

"तर भेट झाली, पण वाद चालू आहे. तुझ्या बापाला लवकर पटायचं नाही."

मी ठेवतो म्हणालो. तो दिवस लवकर न येवो. पण येईल तेव्हा घास ठेवून मी हात जोडीन, आणि आमच्या घराण्यात आजवर कुणी मागितलं नसेल ते मागेन, की आज कावळा शिवू नये.