मशीनबाई

आमची कंपनी शिलाईची मोठी मशीनं विकायची. घरगुती नव्हेत, कारखान्यात ओळीने मांडलेली असतात ती, मिनिटाला काही हजार टाके घालणारी. मी सुट्या भागांच्या गोदामात होतो. सुया, बॉबिन, पट्टे, स्प्रिंगा काढून द्यायच्या आणि चिठ्ठीवर सही घ्यायची, एवढंच काम. माझ्या खिडकीला जाळी होती आणि जाळीत हात जाईल एवढं चौकोनी भोक. त्या भोकातून मी बाईंना अठरा वर्षं पाहिलं.

मशीनबाई हे नाव त्यांना पुढे पडलं. त्याआधी त्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसायच्या. 'एक मिनिट थांबा, जोडून देते' हे वाक्य दिवसातून तीनशे वेळा म्हणत असतील. वय छत्तीस, लग्न झालेलं नव्हतं. वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं सकाळी उरकून कामावर यायचं आणि संध्याकाळी घाईघाईने परत जायचं. धाकटी बहीण लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली. ज्या वर्षी वडील गेले, त्याच वर्षी कंपनीने बोर्ड काढून टाकला. फोन आपोआप जोडले जाऊ लागले.

साहेबांनी बोलावून सांगितलं, "दोन जागा आहेत. एक दारापाशी, आल्यागेल्याची नोंद ठेवायची. दुसरी विक्रीत. विक्री तुम्हाला झेपेल असं काही मला वाटत नाही."

बाईंनी विक्री घेतली. का घेतलीत, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "दारापाशी बसून लोक येण्याची वाट बघायची, मग घरी जाऊन कुणीच येणार नाही याची. दिवसभर एकच काम झालं असतं."

पहिल्या चार महिन्यांत त्या एकसष्ट कारखान्यांत गेल्या. एकही ऑर्डर नाही. माहितीपत्रक त्यांनी तोंडपाठ केलं होतं. मालकासमोर उभं राहून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत म्हणून दाखवायच्या. मालक ऐकून घ्यायचा, "ठेवून जा" म्हणायचा, आणि त्या ठेवून जायच्या. दुपारी बसस्थानकावर डबा खायच्या. तिथे एकटं बसलेलं माणूस कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी दोन खोल्या. एका खोलीत वडिलांची कॉट तशीच होती, गादी तेवढी गुंडाळून ठेवलेली. आल्यावर दिवा लावायच्या, चहा करायच्या आणि दिवसभरातले नकार एकेक करून पुन्हा ऐकायच्या. "तुमच्याकडून? नको." "आमचा माणूस ठरलेला आहे." "बाई, तुम्हाला मशीनमधलं काय कळतं?"

पाचव्या महिन्यात साहेबांनी त्यांना गुरुजींच्या हाती सोपवलं. गुरुजी शिक्षक वगैरे नव्हते. आमचे सगळ्यांत जुने विक्रेते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून समोरच्याकडे बघायची सवय, म्हणून ते नाव पडलेलं. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. दोन दिवस ते बाईंबरोबर हिंडले आणि अवाक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एका कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "आत्ता आत किती वेळ बोललात?"

"असेन पाच-सात मिनिटं."

"एकोणीस. मी घड्याळ लावलं होतं. आणि मालक?"

बाई मनाशी आठवू लागल्या.

"चाळीस सेकंद. त्यातली वीस 'बसा' आणि 'ठेवून जा' म्हणण्यात गेली. त्या माणसाला तुम्ही बोलायला जागाच ठेवली नाहीत, बाई."

त्यांनी काम दिलं ते असं: पुढच्या आठवड्यात दहा कारखान्यांत जायचं, विकायचं नाही, माहितीपत्रक पिशवीतून काढायचंच नाही. प्रत्येक मालकाची एक अडचण विचारून यायचं.

"मग विक्री कधी करायची?"

"तशीही होत नाहीये," गुरुजी म्हणाले. "आठवडाभर ठरवून नाही झाली तर बिघडलं काय?"

बाई हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच, असं त्याच सांगायच्या. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा गुरुजींनी चहावाल्याकडे तोंड फिरवलं आणि साखर मागितली. मग तसंच तिकडे बघत म्हणाले, "लोक मशीनला नाही म्हणतात. तुम्हाला नाही. तुम्हाला ते ओळखतात कुठे?"

या वाक्याने बाईंना मोठा आधार मिळाला. दुसऱ्या दिवसापासून त्या नकार घेऊन घरी जाईनाशा झाल्या. पण मला सांगताना त्या एवढ्यावर थांबल्या नव्हत्या. "खरंच होतं ते," म्हणाल्या. "मला कोण ओळखत होतं?"

दहा अडचणी घेऊन त्या परत आल्या, पण त्यातल्या सात त्यांना समजल्याच नव्हत्या. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, कापड का गोळा होतं. गुरुजी म्हणाले, मग शिका. तेव्हापासून रोज पाच ते सात बाई आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसू लागल्या. मिस्त्री तोंडाने फटकळ होते. "बाई, ते कपाट नाही, हळू उघडा," असं चालायचं. तिसऱ्या आठवड्यात सुई नखातून आरपार गेली. मिस्त्रींनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "आता तुम्ही आमच्यातल्या." सहा महिन्यांत त्या मशीन खोलून परत जोडायला लागल्या. माझ्या खिडकीशी येऊन पूर्वी चिठ्ठी वाचून दाखवायच्या, आता भाग हातात घेऊन म्हणायच्या, "हा नको, याची धार बोथट आहे."

पहिली विक्री मात्र हातातोंडाशी येऊन हुकली. पडदे शिवणाऱ्या एका मालकाला नवं मशीन हवं होतं, कारण जुन्यावर दोरा सारखा तुटत होता. बाईंनी बघितलं तर सुईचा नंबर चुकीचा. पिशवीतून दुसरी सुई काढून लावली, मशीन चालू झालं, मालक खूश. ऑर्डर अर्थातच गेली. आम्हाला वाटलं, गुरुजी रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "सुईचे पैसे घेतलेत ना?" घेतले नव्हते. तो मालक पुढे आयुष्यात बाईंकडून एकही मशीन घेणार नव्हता. फोन करून फुकट सल्ला तेवढा घ्यायचा. बाई हे नव्या विक्रेत्यांना आवर्जून सांगायच्या, म्हणजे चांगलं वागलं की लगेच फळ मिळतं असा कुणाचा समज होऊ नये.

पहिलं मशीन विकलं गेलं ते दप्तरं शिवणाऱ्या कारखान्यात. मालक म्हणाला, आमचं सगळं ठीक आहे. बाईंनी आत बसून काम बघू का विचारलं. तासभर बघितलं. जाड कापड सुईखाली सरकवताना कारागीर बायका दर वेळी स्टुलावरून अर्ध्या उठत होत्या. एकीला बाजूला व्हायला सांगून बाईंनी स्वतः एक दप्तर शिवलं. उठल्या तेव्हा कंबर धरली होती. मालकाला म्हणाल्या, "दुपारनंतर तुमचं काम मंदावतं का?"

"मंदावतं. आळस, दुसरं काय."

"आळस नाही. मी एकच शिवलं आणि मला उभं राहवत नाहीये. बसा तुम्ही, शिवून बघा."

मालक बसला. पुढच्या आठवड्यात त्याने कापड आपोआप सरकवणारं एक मशीन चाचणीसाठी घेतलं, दोन महिन्यांत आणखी सहा घेतली. त्या बायकांनीच बाईंना मशीनबाई नाव दिलं.

तिथून पुढे गाडी रुळावर आली. गुरुजी निवृत्त होताना त्यांना एक सवय लावून गेले होते: प्रत्येक भेटीनंतर वहीत तीन ओळी. त्यांनी काय सांगितलं, मी काय विचारायचं राहिलं, मला काय शिकायला हवं. तिसऱ्या ओळीत जे येईल ते बाई खरोखर शिकत. कापडांचे प्रकार शिकल्या, विजेचा हिशोब शिकल्या, एकोणपन्नासाव्या वर्षी विशीतल्या पोरांच्या वर्गात बसून संगणकावर चालणारी भरतकामाची मशीनं शिकल्या. विक्रीतल्या पाचव्याच वर्षी त्या पूर्ण कंपनीत पहिल्या आल्या होत्या. ज्या साहेबांनी झेपणार नाही म्हटलं होतं, त्यांनीच टाळ्या वाजवल्या आणि नवीन माणसं त्यांच्याकडे शिकायला पाठवायला सुरुवात केली. बाई त्यांच्याबरोबर दोन दिवस गप्प हिंडायच्या, घड्याळ लावून.

बक्षीस म्हणून समुद्रकाठी चार दिवस राहायला पाठवायचे, दोघांना. फॉर्म माझ्या खिडकीशी उभं राहून भरला त्यांनी. 'सोबत येणाऱ्याचं नाव' या रकान्यापाशी पेन थांबलं. मी उगाचच सुया मोजायला लागलो. रकाना कोरा ठेवून त्यांनी सही केली.

महिन्यातले वीस दिवस त्या फिरतीवर असत. कुठल्या लॉजवर गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, कुठल्या खोलीची खिडकी लागत नाही, सगळं पाठ. कारखान्यातल्या कितीतरी बायकांच्या मुलांची नावं, मालकांची दुखणी, कुणाच्या भावाशी कुणाचं पटत नाही, सगळं त्यांना माहीत होतं. त्यांच्याबद्दल मात्र कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि हे बरीच वर्षं त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

ते आणून दिलं बहिणीने. बऱ्याच वर्षांनी ती चार दिवस राहायला आली होती. बाईंनी रजा घेतली, घर आवरलं. पहिले दोन दिवस छान गेले. बाई विचारत होत्या, बहीण बोलत होती: नवऱ्याची बदली, मुलीचा अभ्यास, सासूबाईंचे गुडघे. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरता चिरता बहीण थांबली.

"ताई, मी तुझं गिऱ्हाईक आहे का गं?"

"म्हणजे?"

"दोन दिवस मीच बोलतेय. तू इतकं छान विचारतेस की माणूस बोलत सुटतं. पण तुझं काय चाललंय, ते मला अजून कळलेलं नाही. तू कशी आहेस?"

बाई म्हणाल्या, "बरी आहे." मग पुढे काय बोलावं ते त्यांना सुचेना. खरंच सुचेना, असं त्या सांगायच्या. हजारो माणसांना बोलतं केलेली बाई, सख्ख्या बहिणीसमोर हातात सुरी घेऊन बसून राहिली. बहिणीनेही ताणून धरलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

पुढच्या रविवारी बाई गुरुजींकडे गेल्या. गुरुजी तेव्हा मुलाकडे राहत होते. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. सूनबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. बाईंनी बहिणीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

गुरुजींनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "आमच्या घरी असंच होतं. मला बढती मिळाली, हे बायकोला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. ती मला म्हणाली, तुम्ही सगळ्यांचं ऐकता, मी काय ऐकायचं? मी हसण्यावारी नेलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मी तुम्हाला ऐकायला शिकवलं, कारण मला तेवढंच येत होतं. दुसरं मला स्वतःलाच आलं नाही, बाई. आता शिकून बोलायचं कुणाशी?"

दोघं चहा संपेपर्यंत तसेच बसले. दोन वर्षांनी गुरुजी गेले.

बाईंनी त्या भेटीची नोंद वहीत केली. तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, 'स्वतःबद्दल बोलणे'. ते पान त्यांनी मला जाळीतून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. तो माझ्यावर. चिठ्ठी द्यायच्या, आणि मी भाग काढेपर्यंत शाळेतल्या मुलीसारखं एक वाक्य बोलायच्या. "काल मला झोप लागली नाही." "मला त्या नव्या साहेबांची भीती वाटते." "पावसाळी चपला घेतल्या, चावतात." मी "बरं" म्हणायचो. मलाही याहून जास्त कुठे येत होतं? माझंही आयुष्य जाळीमागेच गेलेलं.

दर रविवारी अकराला त्या बहिणीला फोन करू लागल्या. पहिल्या रविवारी कागदावर मुद्दे काढले होते. चार मिनिटांत सगळे संपले. बहिणीला ऐकू येत असणार, कागद उलटल्याचा आवाज. पण ती काही बोलली नाही. काही रविवार फोन उचललाच गेला नाही. काही रविवार बहीण कामात असायची. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. घर तेच, फिरती तीच. संध्याकाळी परत आल्यावर दिवा त्यांनाच लावावा लागायचा.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या सोमवारी बाई खिडकीशी आल्या. चिठ्ठी नव्हती. म्हणाल्या, काल बहिणीशी बोलत होते, तेवढ्यात तिच्याकडे दारात कुणीतरी आलं. "एक मिनिट हं ताई," म्हणून ती फोन तसाच ठेवून गेली आणि विसरली. बाईंनी ठेवून दिला नाही. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, नळ वाहत होता, भाची कुणाला तरी माझी ओढणी कुठेय म्हणून ओरडत होती, मग कुणीतरी हसलं. बाई पंचवीस मिनिटं फोन कानाला लावून बसल्या होत्या.

शेवटी बहिणीने फोन उचलला. "अगंबाई, ताई, तू अजून आहेस?"

"आहे."

"ठेवायचास की. बोल, काय म्हणत होतीस?"

"आणि मग?" मी विचारलं.

"काय म्हणत होते तेच आठवेना," बाई म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, तुमच्या घरातले आवाज ऐकत बसले होते, बरं वाटलं. तर ती म्हणाली, पुढच्या वेळी सांगून ठेवते सगळ्यांना, तू ऐकतेयस म्हणून."

एवढं सांगून त्यांनी घड्याळ बघितलं. दहाच्या गाडीने त्यांना एका नव्या माणसाला घेऊन जायचं होतं.