कोपरावरून शिकलेली आखणी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या कंपनीत शिडीवर उभा राहून सीसीटीव्हीची काच पुसत होतो. ताई म्हणजे माझी मावसबहीण, सुमनताई. पेणला विद्यापीठाच्या मूर्तिकलेच्या वर्गावर शिकवायची. भावोजी एवढंच म्हणाले, "पक्या, सकाळी गेली रे... तापाचं निमित्त झालं." मी "निघतो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि उरलेले दोन कॅमेरेही पुसून काढले. का, ते विचारू नका. सुपरवायझरने वर्षानुवर्षं ओरडूनही जे काम माझ्या हातून धड झालं नव्हतं, ते त्या दिवशी अगदी लख्ख झालं. त्याला आता सहा आठवडे होतील.

आमच्या घराण्यात कॅमेऱ्याला हात लावणारा मी एकटाच, म्हणून नातेवाइकांत मी इंजिनिअर. खरं काय ते ताईला पक्कं ठाऊक होतं. तरी वर्गात कॅमेरा आणि प्रोजेक्टर बसवायचे ठरल्यावर तिने मलाच बोलावलं. "बाहेरचा माणूस जोडून जातो नि मग फोन उचलत नाय. तुला निदान कानाला धरून आणता येईल!"

कॅमेऱ्याचा हट्ट तिचाच, आणि त्याचं मूळ होतं तिच्या माहेरच्या घरामागच्या गणपतीच्या कारखान्यात. तिचे वडील, आमचे अण्णा, आखणीला बसले, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायला बसले, की भिंतीकडे तोंड करायचे. चालता हात कोणाला दिसू द्यायचा नाही, पोटच्या मुलीलाही नाही. रेघ चुकली तर ती कधी पुसली, कशी पुसली, देव जाणे. बाहेर यायचा तो एकदम देखणा डोळा. ताई मागे उभी राहून त्यांचं नुसतं कोपर बघायची. कोपर किती वर गेलं, कुठे थांबलं, कुठे वळलं... "मी आखणी कोपरावरून शिकले," असं ती हसत सांगायची, पण त्या हसण्याखाली राग असायचा. पुढे स्वतः शिकवायला लागली आणि बघते तर तेच! तिच्याभोवती मुलांचं कडं. पुढच्या चौघांना डोळा दिसतोय, मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी रोह्याजवळच्या माझ्या गावाहून, वरशाहून, पेणला गेलो. टेबलावर वरून कॅमेरा लावला, समोर पडदा, ताईच्या साडीला माइक. पहिल्यांदा गणपती उलटा दिसला, मग पंख्याची घरघर एवढी मोठी आली की ताई म्हणाली, "अरे, वर्गात ट्रक आणलास काय?" शेवटी जमलं. तिने सरावासाठी ब्रश उचलला, पडद्यावर हातभर मोठा डोळा आला आणि मी म्हणालो, "ताई, थांब, चित्र थरथरतंय. स्टँड सैल असेल." चढलो, सगळे स्क्रू आवळले, खाली आलो. तरी थरथर होतीच. पुन्हा चढायला लागलो, तर ती हळूच म्हणाली, "उतर. स्क्रू घट्टच हाय. हात थरथरतोय."

मी खाली उतरलो. ती ब्रश धुवत राहिली. "डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल. हात जाण्याआधी हे काम एकदा पोरांच्या डोळ्यांसमोर नीट ठेवायचंय, पक्या. रेकॉर्ड करून ठेव. आणि तुझ्या भावोजींना एक शब्द सांगितलास तर बघ." मग मी रेकॉर्डिंगसाठी चित्र कॉम्प्युटरमधून फिरवून पडद्यावर सोडलं. त्यामुळे ते अर्धा सेकंद उशिरा दिसायला लागलं. मला ते कळलं होतं. पण अर्ध्या सेकंदात काय होतंय, असं मनाशी म्हणालो आणि ताईला सांगितलं नाही. चित्र थेट सोडून पंख्याखाली गप्प बसलो असतो, तरी तिच्यावर उपकार झाले असते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कॉम्प्युटरपाशी. वर्ग भरलेला, मागच्या बाकावर विभागप्रमुख. ताईने ब्रश टेकवला आणि माइकमधून तिचा श्वास सगळ्या वर्गाला ऐकू यायला लागला. डोळ्याची वरची रेघ निघाली, छान निघाली... आणि अर्ध्यावर तिने मान वर केली. थरथर किती दिसतेय ते तिला बघायचं होतं. पडद्यावर ब्रश अजून मागेच होता. तिला वाटलं, कोपरा यायचाय. हात पुढे सरकला आणि काळी रेघ डोळ्याचा कोपरा ओलांडून थेट कानशिलाकडे गेली. मग अर्ध्या सेकंदाने तीच रेघ हातभर मोठी होऊन सगळ्यांसमोर पुन्हा गेली.

 माझा हात आपोआप बटणाकडे गेला. तिने न बघताच ओळखलं. "पक्या, बंद करू नको." माइक चालूच होता, माझं घरातलं नाव सगळ्या वर्गाला कळलं. मग ती मुलांना म्हणाली, "रेघ चुकली. आखताना नजर मूर्तीवरून हलवली की असं होतं. आणि माझा हात थरथरतो, तेही बघून घ्या." तिने हात कॅमेऱ्याखाली तसाच धरून ठेवला. किती वेळ, कोण जाणे. मला तो बघवेना... मुलं मात्र बघत होती.

मग तिने ओलसर ब्रशने रेघ कडेकडेने उचलली, टिपकागद लावला, वाळेपर्यंत थांबली आणि अंगाचा रंग कालवून वरून बारीक हात फिरवला. चूक कशी पुसायची ते. आमच्या अण्णांनी जन्मभर भिंतीआड ठेवलेलं काम तिने पडद्यावर ठेवलं. "आता परत. श्वास सोडताना थरथर कमी होते. तेवढ्यात रेघ." तिने श्वास सोडला, मान वर केली नाही आणि कोपऱ्याला बरोब्बर थांबली. तास संपल्यावर चित्र उशिरा येत होतं, याची मी कबुली दिली. "माहीत होतं तुला?" एवढंच तिने विचारलं. मग माझ्याशी बोलली नाही ती पुढच्या रविवारपर्यंत. भावोजींना मात्र तिने त्याच संध्याकाळी स्वतःहून सांगितलं.

तिने पुढे दीड वर्ष शिकवलं, शेवटचे काही महिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून. तेही तास रेकॉर्ड झाले. परवा माइक दुरुस्त करायला वर्गात गेलो होतो. यंदाच प्रवेश घेतलेली एक मुलगी आखणीला बसली होती. ताईला तिने फक्त पडद्यावर पाहिलेलं. तिचा हात कसा, तर टेबलासारखा स्थिर. तरी तिने ब्रश उचलण्याआधी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मी विचारलं, "ते कशाला गो?"

"आखणी अशीच करतात ना काका? मॅडम तसंच धरतात."

सांगणार होतो, की पोरी, तुझा हात धड आहे... पण नाही सांगितलं. तिने श्वास सोडला आणि रेघ ओढली.