नाक्यावर अडकलेला देश

माझं अक्षर वाईट आहे, आणि पहिली वेलांटी की दुसरी हे मला आजही हवेत बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. ही वही कुणाच्या हाती लागली तर त्यानं तेवढं सांभाळून घ्यावं. पण सगळा दोष माझा नाही. आमचे मास्तरमामा शुद्धलेखनाच्या तासालाही भूगोलच शिकवत.

नळदुर्गापासून उमरग्यापर्यंत मास्तरमामांइतका देश पाठ असलेला माणूस झाला नसेल, आणि ते स्वतः सोलापूरच्या पलीकडं कधी गेले नव्हते. माझ्या आईचे ते धाकटे मावसभाऊ. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या गावात शाळा नव्हती, म्हणून यांनी महादेवाच्या देवळापुढच्या अंगणात स्वतःची खानगी शाळा काढली आणि जेवायला आमच्या घरी राहिले. डावं-उजवं त्यांच्या तोंडी कधी आलंच नाही. कुणी पाटलाचं घर विचारलं तर म्हणत, "ईशान्येला चाला, मग जरा आग्नेयेला कला." एक पाहुणा हे ऐकून पाटलाला न भेटताच परत गेला होता. जेवताना म्हणायचे, "आक्का, ताटाच्या नैर्ऋत्येला मीठ न्हाय." आई म्हणायची, "मास्तर, भाकरी गोल हाय. कुठूनबी खावा, पण गप खावा."

शाळेला नकाशा नाही याचं त्यांना फार वाईट वाटे. आईनं दोन करडं विकून सहा हाली रुपये ठेवले होते, ते मागून घेऊन ते सोलापूरला गेले. सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिथं आमचं हाली नाणं चालत नसे, मोडून कलदार घ्यावं लागे. मामांनी हाली मोडले, हिंदुस्थानचा भलामोठा नकाशा घेतला आणि परत येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पकडले गेले. तिथल्या कारकुनानं नकाशा जमिनीवर उलगडला, चहूबाजूंनी फिरून बघितला आणि म्हणाला, "मास्तर, पाव शेर साखरेवर मी महसूल घेतो. तुम्ही तर अख्खा मुल्क घेऊन निघालात. किती लावू?" मामांच्या खिशात काही उरलं नव्हतं. नकाशा नाक्यावर ठेवून ते चालत घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "आक्का, सगळा देश नाक्यावर अडकलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा पोरांचाच देश केला. अंगणात राखेनं आकार काढला आणि प्रत्येकाला एकेक गाव देऊन गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. उंच पोरं पांढरी फडकी डोक्यावर घेऊन उत्तरेला उभी राहिली, तो हिमालय. सगळ्यांत जाड पोरगा हैदराबाद. सरकारचा मान म्हणून त्याच्याखाली शाळेतलं एकुलतं घोंगडं. मी लाजरी, नेहमी कडेला बसणारी, म्हणून मी रामेश्वर. माझे पाय बैलांच्या दगडी डोणीतून सांडलेल्या पाण्यात असत, तो समुद्र. समुद्र खारा असतो हे पटावं म्हणून मामांनी एकदा डोणीत शेरभर मीठ टाकलं. संध्याकाळी एक शेतकरी काठी घेऊन आला, "मास्तर, तुमच्या समुद्रापायी माजे बैल तान्हेले ऱ्हायले की!" मामांनी स्वतः डोणी उपसली, पण आम्ही सगळ्यांनी समुद्राची चव घेतल्यावरच.

मग एक दिवस निरोप आला की तालीमचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, मोठे साहेब येणार. खानगी शाळेला सरकारी परवाना लागे, आमच्याकडं तो नव्हता, आणि रियासतीबाहेरचं फार शिकवलेलं त्यांना खपत नाही, असं लोक म्हणत. शाळा बंद झाली तर मुलगे चालत नळदुर्गाला गेले असते. मला कोण पाठवणार? मी घरात चुलीपाशी बसले असते, बाराखडीच्या मध्यावरच. मामांनी बजावलं, "साहेब आले की नुसता पाढा म्हणायचा. देशाचं नाव काढायचं न्हाय." पण साहेब फाटकातून आत आले, आणि आम्ही घाबरलो. घाबरल्यावर पोरं ओळखीच्या जागी पळतात. बघता बघता सगळा हिंदुस्थान गुडघ्याला गुडघा लावून बसला.

साहेब म्हातारे होते, काळी शेरवानी, हातात छडी. "ये क्या तमाशा है, मास्टर?" साहेब राखेच्या कडेकडेनं फिरत माझ्यापाशी थांबले. "तुम कौन?"

"रामेश्वर."

"तुम्हारा मुल्क कौनसा?"

मामांनी डोळे मिटले. मला तर कुणापुढं स्वतःचं नाव सांगायलाही घाम फुटे. मी पाण्यातल्या पायांकडं बघत म्हणाले, "मला ठाऊक न्हाय, साहेब. म्या कडंला बसते. पर हैदराबाद हललं की हितवर धक्का बसतो."

साहेब छडीवर रेलून हसले. मग हिमालयाकडं बघत हळूच म्हणाले, "लखनऊ किधर है?"

तिथं जागा मोकळी होती. मामा हात जोडून म्हणाले, "हुजूर, लखनऊ को बुखार है. तीन रोज से आया नहीं."

साहेबांनी जोडे काढले. पोरांच्या मधून पाय सांभाळत गेले आणि त्या मोकळ्या जागेत उभे राहिले. "बारा साल हो गए," एवढंच म्हणाले. जाताना परवाना दिला. म्हणून मी चौथी झाले.

पुढं निजामाचं राज्य गेलं, करोडगिरीचे नाके उठले. मामा धावत नाक्यावर गेले. नकाशा उंदरांनी खाल्ला होता. मग ते दूर वायव्येला, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडं सरकारी शाळेवर लागले, पण दर भाऊबीजेला आईकडं येत. ओवाळून झालं की म्हणत, "आक्का, सहा रुपये ध्यानात हाईत. पर घेतले हाली, खर्चले कलदार. देऊ कोणते?" आई म्हणायची, "देशाचा हिशेब व्हऊ द्या, मग माजा करा." तेवढ्यासाठी जणू ते येत. आई गेल्यावर माझ्याकडं उमरग्याला येऊ लागले. बोलणं तेच, ताटाची नैर्ऋत्यही तीच.

हाली नाणं बंद झालं त्या वर्षी ते काठी टेकत आले. आईच्या जागी मी ओवाळलं. त्यांनी पाटावर सहा रुपये मांडले, उत्तरेकडून दक्षिणेकडं. "आता सगळीकडं एकच नाणं. घोळ मिटला. रामेश्वर, मोजून घे."

मला म्हणायचं होतं, मामा, एक रुपया राहू द्या, तो पुढच्या भाऊबीजेला आणा. पण ओसरीवर सासरची माणसं बसली होती, डोक्यावर पदर होता, आणि मला कुणादेखत बोलता येत नाही. मी खाली मान घालून मोजले. ते वायव्येच्या वाटेनं गेले, आणि पुन्हा आले नाहीत.

सहाच्या सहा रुपये फिटले.