काजूला भिणारे अण्णा

आमचे अण्णा विंचू पायताणानं सहज चिरडायचे, पण ताटलीत काजू दिसला की त्यांचा चेहरा उतरायचा. अण्णा म्हणजे माझे तेर गावचे थोरले चुलते. त्यांच्या वडिलांचा पाय शुगरपायी गुडघ्याखालून काढला होता. तीच शुगर अण्णांना निघाली, आणि हा धिप्पाड माणूस रोज सकाळी उंबऱ्यावर बसून स्वतःच्या पायाची बोटं चाचपायला लागला.

डॉक्टर म्हणाले, भाकरी-भात कमी करा, मधे भूक लागली तर मूठभर बदाम, अक्रोड नाहीतर शेंगदाणे खा. काजू जपून. खारीक-मनुका नकोच. कमी कसलं, अण्णांनी भाकरी बंदच करून टाकली! भीतीच तेवढी होती.

लग्नाघरून सुक्या मेव्याचा पुडा आला की अण्णा तो परातीत ओतून निवडायला बसत. "बदाम आपला. अक्रोड आपला. ह्यो काजू लई गोडबोल्या, ह्याला लांब सारा." मनुका तर चमच्यानं ढकलायचे. काकू वैतागायच्या, "अवो, मनुका हाय ती, साप न्हाय!" मग अण्णा दाराच्या फटीत अक्रोड धरून कट्टकन फोडायचे आणि लेकराला भरवावा तसा जपून तोंडात टाकायचे. आम्ही पोटभर हसायचो.

एकदा तपासणीला मी त्यांना एसटीनं धाराशिवला नेत होते. शुगरची सकाळची गोळी घेतलेली, पोटात नुसते बदाम. अर्ध्या वाटेत त्यांचा सदरा घामानं चिंब झाला, हात थरथरायला लागले. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुमी कोणाच्या?"

गोळी आणि रिकामं पोट, रक्तातली साखर फारच खाली उतरली होती. शेजारच्या बाईनं पिशवीतून गुळाचा खडा काढून दिला. मी तो ओठांशी नेला तर अण्णांनी दात घट्ट मिटले. "नगं... पाय जाईल माझा." आणि खिशात अक्रोड चाचपत राहिले.

"अक्रोडानं नाही भागायचं आता! अण्णा, तोंड उघडा!" मी अख्ख्या गाडीत किंचाळले. त्यांनी तोंड उघडलं. गूळ चघळताना ते लहान पोरासारखे रडत होते. थोड्या वेळानं त्यांनी मला नावानं हाक मारली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी गोळी बदलली, अर्धी भाकरी परत ताटात आली. अण्णांच्या खिशात बदाम-अक्रोडांसोबत कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा राहायला लागला. म्हणायचे, "भ्यायचं, पण दोन्हीकडनं भ्यायचं."

अण्णा गेल्या वर्षी गेले, दोन्ही पायांनिशी. परवा माझाही शुगरचा रिपोर्ट आला. आज मी बदाम, अक्रोड निवडून डबी भरली, काजू बाजूला सारले. डबीत गुळाचा खडाही ठेवला. मग उंबऱ्यावर बसले आणि पायाची बोटं एकेक करून चाचपली. लई भ्या वाटतंय, अण्णा.