तीन गायींचा शुद्ध मुनाफा

माझे सासरे छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौसरच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, तेव्हा मला त्या घरात येऊन दोनेक वर्षं झाली होती. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. मीही तेच म्हणायची, म्हणून इथेही तेच लिहिते. मामाजींनी आयुष्यभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांना पैशाची अडचण नव्हती. पेन्शन होती, बोरगावच्या रस्त्याला संत्र्याची छोटी बाग होती, आणि माझा नवरा तहसील कचेरीत बाबू होता. अडचण ही होती की त्यांचं ऐकायला आता समोर वर्ग नव्हता. शाळेत मुलांना उठून जाता येत नसे. चौकातल्या चहाच्या दुकानात माणसं उठून जात.

त्या हिवाळ्यात पांढुर्ण्याला शेतकऱ्यांचा मेळावा भरला. कुठल्याशा सुटाबुटातल्या साहेबाने तिथे संकरित गायींवर भाषण दिलं. मामाजी संध्याकाळच्या बसने परत आले ते हातात एक रंगीत चित्रांचं चोपडं घेऊनच. चपला काढायच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"सूनबाई, म्हैस म्हणजे अज्ञान," ते मला म्हणाले. "गाय म्हणजे विज्ञान."

हे मलाच ऐकवण्याचं कारण होतं. माझं माहेर मोहगावचं. वडिलांकडे म्हशी होत्या, आणि मॅट्रिकच्या परीक्षेला जातानाही मी धार काढून गेलेली मुलगी होते. मामाजींना सुनेचं मॅट्रिक पाहुण्यांत सांगायला आवडे, म्हशी मात्र ते लपवत. भाषण ऐकून आलेल्या माणसाशी त्याच दिवशी बोलण्यात अर्थ नसतो.

फंडाचे पैसे काढून त्यांनी पक्का गोठा बांधला आणि नागपूरच्या पलीकडून तीन गायी आणल्या. काळ्या-पांढऱ्या, उंच, पाठ सपाट. ट्रक आला तेव्हा आमची अख्खी गल्ली गोळा झाली. शेजारची एक म्हातारी गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि शेवटी म्हणाली की हिले वशिंडच नाही, मग ही गाय कशी? मामाजींनी तिला तिथेच उभं करून शास्त्र समजावलं. ती मान हलवत घरी गेली. तेवढ्यावरच त्यांना पटलं की गाव आता सुधारायला लागलं.

पहिले काही दिवस एक गडी होता. तो धार काढताना दूध पितो असा मामाजींना संशय आला, आणि त्यांनी त्याला काढून टाकलं. दुसरा मिळेपर्यंत सूनबाई पाहील, असं ठरलं. कोणी ठरवलं ते विचारू नका. त्यानंतर दुसरा गडी कोणी शोधलाच नाही. शेण काढणं, गोठा धुणं, ढेप भिजवणं, दोन वेळच्या धारा आणि कॅन दूध संकलन केंद्रावर पोहोचवणं, हे सगळं माझं झालं. मामाजी खुर्ची टाकून गोठ्याच्या दाराशी बसत आणि माप पाहत. नवरा कचेरीतून आला की हातपाय धुऊन साय घातलेला चहा पीत असे. कचेरीच्या कपड्यांत त्याला गोठ्यात जाता येत नसे, हे मी समजू शकते. कपडे बदलल्यावरही त्याला जाता आलं नाही. मी काही म्हटलं तर तो म्हणे, "बाबांले कोण सांगीन?" सांगायला घरात दोनच माणसं होती, तो आणि मी. त्यातला एक रोज तहसीलदारासमोर उभा राहून बोलत असे.

दूध भरपूर होतं, हे मी नाकारत नाही. बादल्या भरत. मामाजी चौकात जाऊन लिटर सांगत आणि म्हशी बाळगणाऱ्या लोकांची कीव करत. पण संकलन केंद्रात भाव लिटर पाहून ठरत नव्हता. दुधात फॅट किती आणि फॅट सोडून बाकी घट्ट ऐवज किती, हे मशीनवर पाहून ठरत होता. आमचं दूध दोन्हीत खाली येई. ज्याच्या घरी दोन म्हशी आणि एक छोटी कॅन, तो आमच्या निम्म्या दुधात जवळपास आमच्याएवढेच पैसे घेऊन जाई.

यात गायींचा दोष थोडा होता, मामाजींचा जास्त. त्या चोपड्यात हिरव्या चाऱ्याची चित्रं होती, म्हणून ते नुसतं बरसीमचं हिरवं गवत घालायला लावत. कडबा-कुटार हे त्यांच्या मते जुन्या लोकांचं खाणं. पांढुर्ण्याहून येणारी सरकीची ढेप महाग पडते म्हणून तीही त्यांनी निम्मी केली. त्यांचा हिशोब सरळ होता. खर्च कमी केला की मुनाफा वाढतो. मी दोनदा सांगितलं की हिरव्यासोबत वाळलेलं पोटात गेल्याशिवाय दूध घट्ट होत नाही आणि ढेप तोडू नका. दुसऱ्या वेळी ते हसले, आणि मोहगावात कोणतं कृषी महाविद्यालय आहे म्हणून विचारलं.

भाव कमी आला की मात्र चोर दुसराच असायचा. केंद्रावर फॅट काढणारा एक तरुण पोरगा होता, सिनेमातल्या हिरोसारखे केस वाढवलेला. मामाजी एक दिवस त्याच्यावर धावून गेले. मी कॅनजवळ उभी होते. त्यांनी त्याला चोर म्हटलं, त्याच्या बापाला आपण शिकवलं होतं हेही सांगितलं, आणि पुन्हा मशीन फिरवायला लावलं. पुन्हा तेच आलं. तो पोरगा काही साधुसंत नव्हता. इतरांच्या दुधात तो कुठे किती हात मारतो ते रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण आमच्या दुधात मारायला होतं काय? रांगेतले लोक जमिनीकडे पाहून हसत होते. रिकामी कॅन उचलून मी घरी आले.

त्या दिवशी मी चुलीवर दोन कढया चढवल्या. एकीत आमच्या गायीचं दूध, दुसरीत तेवढंच शेजारच्या म्हशीचं. आटवून आटवून दोन्हींचा खवा केला आणि दोन गोळे एका ताटात घालून मामाजींच्या पुढे ठेवले. म्हशीच्या दुधाचा गोळा मुठीएवढा होता. आमचा सुपारीएवढा नव्हता, इतकं खोटं मी बोलणार नाही, पण लाजिरवाणा होता. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तुझा जाळ जास्त झाला." आणि मोठा गोळा साखर लावून खाल्ला.

त्यानंतर मी त्यांना दुधाबद्दल काही समजावायचा नाद सोडला.

पुढच्या वर्षी छिंदवाड्याहून कोणी अधिकारी आदर्श गोठे पाहायला आले. सोबत जीप भरून माणसं होती. मामाजींनी आदल्या दिवशी गोठ्याला चुना मारून घेतला. मारणारी मीच. सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि शाळेतला एक जुना फळा गोठ्याच्या भिंतीला टेकवून त्यावर खडूने हिशोब मांडला. दूध, भाव, चारा, औषध. पाहुणे खुर्च्यांवर बसले. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी होते. मामाजींचा आवाज वर्गात होता तसा झाला होता. शेवटी त्यांनी खाली रेघ मारली आणि म्हणाले, हा शुद्ध मुनाफा.

अधिकारी माणूस हुशार असावा. त्याने विचारलं, "और लेबर, गुरुजी?"

"लेबर शून्य," मामाजी म्हणाले. "घर का ही आदमी है."

आणि त्यांनी मजुरी असं लिहून त्यापुढे खरोखरच एक मोठं शून्य काढलं. सगळे खूश झाले. अधिकारी म्हणाला की कुटुंबाने मिळून असं काम केलं तर देश कुठल्या कुठे जाईल. मग घर का आदमीने त्यांना चहा दिला. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. ती मजुरीच्या जागी शून्य म्हणून लिहिलेली होती, ओळखायचं कशाला?

मला राग आला होता का? आठवून पाहते तर राग नव्हता. राग ज्याचं काही वाटतं त्याचा येतो. मला त्या सदऱ्याची, त्या फळ्याची, आणि मान हलवणाऱ्या त्या सगळ्या शिकलेल्या माणसांची किळस आली. माझा नवराही त्यांत होता. त्याने त्या दिवशी रजा घेतली होती, खुर्च्या मांडायला.

जीप गेल्यावर मामाजी फळा पुसू देईनात. संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मामाजी, त्या शून्याच्या जागी गड्याची मजुरी लिहून पाहा. मंग मुनाफा किती उरते ते सांगा."

ते म्हणाले की घरातलं माणूस मजुरी मागत नाही, मागितली की ते घर राहत नाही. नवऱ्याने मला डोळ्यांनी गप्प केलं. आत्याबाई वाढत होत्या. त्या फारशा बोलत नसत. मी त्यांना लग्नापासून फक्त "हो" आणि "वाढू का" म्हणताना ऐकलं होतं. मामाजी हात धुवायला उठले तेव्हा त्या माझ्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माह्या रांधण्याचंबी शून्यच लिहून राहिले ते, चाळीस वर्षांपासून. तू मागितलं, मी कधी मागितलंच नाई." मग उठून त्या भांडी घासायला गेल्या. त्या घरात एवढं खरं मला दुसऱ्या कोणी कधी सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या वस्तीत आंगणवाडी उघडणार होती. मॅट्रिक झालेली बाई पाहिजे होती. मी अर्ज केला, घरी विचारलं नाही. मानधन अगदीच किरकोळ होतं. नेमणूक झाल्याचं सांगितलं तेव्हा मामाजींना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी मला बसवून गणित समजावलं. मी गेले तर गडी ठेवावा लागेल, गड्याची मजुरी माझ्या मानधनाहून जास्त, म्हणजे घराचं नुकसान.

"हेच मी त्या दिवशी म्हणत होते," मी म्हटलं. "आज तुम्हीच हिशोब केला."

त्यांनी तेच गणित पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांना कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, हे मला आजपर्यंत सांगता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात मी चांगली साडी नेसून मुलांना गाणी शिकवायला गेले. आत्याबाईंनी मला डबा बांधून दिला.

गडी आले आणि गेले. पहिल्याने मजुरी आणि वर रोज लिटरभर दूध मागितलं. मामाजींनी तासभर घासाघीस करून ते कबूल केलं आणि नंतर रोज त्याचं दूध पाणी घालून दिलं. तो पोळ्याला गावी गेला तो परतलाच नाही. दुसरा कासेला हात न धुता लावायचा. सगळ्यांत चांगल्या गायीची कास दगडासारखी झाली, दुधातून गाठी यायला लागल्या. मी सांगितलं की जनावरांच्या डॉक्टरला आजच बोलवा. मामाजी चोपडं चाळत बसले. त्यात आजारी गायीचं चित्र नव्हतं. डॉक्टर आला तोपर्यंत दोन सड कायमचे आटले होते. मी आंगणवाडीतून आले की त्या गायीची कास गरम पाण्याने शेकत असे. मामाजींसाठी नव्हे. गायीने माझं काही वाईट केलं नव्हतं.

उन्हाळ्यात बरसीम संपलं आणि ढेपेचा भाव अजून चढला. आता मजुरी लिहावी लागत होती, म्हणून मामाजींनी लिहिणंच बंद केलं. फळा माळ्यावर गेला. पावसाळ्याआधी तिन्ही गायी विकल्या, दुखऱ्या कासेची तर जवळजवळ फुकट. घेणारा मोहगावकडचाच एक शेतकरी होता. त्याने आधी गायींपुढे कडबा टाकला, आणि त्या कशा तुटून पडतात ते उभा राहून पाहिलं, मग भाव बोलला. मामाजींनी त्यालाही शास्त्र सांगायला सुरुवात केली. तो दोर सोडत "हो गुरुजी, हो गुरुजी" म्हणत होता.

मामाजींनी चौकात कारण असं सांगितलं की सुनेने नोकरी धरली, म्हणून चालता धंदा बसला. बायकांना शिकवण्याचे तोटे, या विषयावर त्यांना नवे श्रोते मिळाले. त्यांतल्या दोघांच्या पोरी माझ्याच आंगणवाडीत येत होत्या. मी खुलासा करायला गेले नाही. चहाच्या दुकानात बसून दुसऱ्याच्या सुनेचा हिशोब करणाऱ्यांना खुलासा द्यावा, इतके ते मला कधी मोठे वाटले नाहीत.

गोठा वर्षभर रिकामा होता. मग तो सिमेंटच्या एका दुकानदाराला गोदाम म्हणून भाड्याने दिला. भाडं महिन्याच्या महिन्याला येई आणि त्यात कोणाला काही करावं लागत नसे. मामाजी पुढे बरीच वर्षं जगले. भाड्याचे पैसे हातात आले की ते पाहुण्यांना सांगत, डेअरीचा धंदा मी वेळेवर केला म्हणून म्हातारपणी हा आधार झाला. नवरा शेजारी बसून मान हलवत असे. मी चहा आणून ठेवायची आणि आंगणवाडीत निघून जायची.