दामा काय ओरडला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलताना बघायची माझी छाती नाही. छाती नाही — सगळा मामला तिथंच आहे. पण थांबा. असं एकदम नको. जरा आधीपासून सांगतो, चालेल ना?

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं. मी नवीन पनवेलात भाड्याच्या खोलीत राहायचो आणि फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. वय सव्वीस, लग्न नाही, रविवार मोकळे. रद्दीवाल्याकडं एक परदेशी मासिक मिळालं. त्यात कयाकचे फोटो होते — एकट्यानं बसायची, वरून झाकलेली, निमुळती होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. झालं! खाजवून खरूज काढायची सवय मला लहानपणापासूनची. कारखान्यात साचा बनवता येत होता, उरलेलं रेझिन आणि फायबरची मॅट मालक देत होते. सहा महिन्यांत मी दोन कयाक बनवल्या. पोहायला यायचं, पण समुद्राचं मला काडीचं कळत नव्हतं.

दामा भेटला तो तिथंच. उरणजवळच्या करंजाचा कोळी, माझ्याच वयाचा. बापाच्या होडीच्या तळाला फायबर मारून घ्यायला आला होता. कोपऱ्यातली माझी कयाक बघितली आणि पोट धरधरून हसला. "दादूस, ही होडी हाय का पन्हाळ? हीत बसून दर्यावर गेलास तं पापलेटबी हसंल!" मी चिडलो. म्हटलं, बसून तर दाखव. पुढच्या रविवारी तो करंजाच्या बंदराजवळ तिच्यात बसला, आणि संध्याकाळपर्यंत उतरायचं नाव घेईना. त्या दिवसापासून आम्ही मित्र. मला तसा मित्र आधी नव्हता, नंतरही झाला नाही.

दामाचा बाप म्हणजे जोमा नाखवा. स्वतःची होडी, स्वतःचा हुकूम. मोजकं बोलायचा. त्याच्या होडीवर दोराचे शब्द ठरलेले होते, आणि त्यातला एक मला तुम्हाला सांगायलाच हवा. 'सोड'. तुम्ही-आम्ही सोड म्हणजे सोडूनच देऊ की नाही? नाखव्याच्या होडीवर तसं नव्हतं. तिथं 'सोड' म्हणजे हातभर ढील दे, टोक मात्र मुठीत ठेव. खरंच सोडायचं असलं तर 'मोकळं कर' म्हणायचे. मला हे कुठलं माहीत? पहिल्याच खेपेला आम्ही माझी कयाक होडीमागं बांधून नेत होतो, दामा पुढून ओरडला, "सोड!" — आणि मी अख्खा दोर पाण्यात टाकला. कयाक निघाली अलिबागच्या दिशेनं. नाखव्याच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. सगळ्या करंजात ती गोष्ट झाली. बायका मासळी वाळत घालता घालता मला हाक मारायच्या, "काय रं, आज काय सोडलंस?"

ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, हे ध्यानात ठेवा. पुढं माझं खोटं खपलं ते तिच्याच जोरावर.

माझा बेत होता करंजाहून किनाऱ्याकिनाऱ्यानं अलिबागपर्यंत जायचं. सपाट पाण्यावर जमत होतं. पण परतताना लाटा फुटतात तिथं आलो, की लाट कयाकला आडवी करायची आणि मी उलटा. दर वेळी. त्या मासिकात लिहिलं होतं की समुद्रावर कयाक चालवणाऱ्यानं आधी नदीच्या खळाळत्या पाण्यात शिकावं. होडी कुशीवर कशी कलवायची, वल्ह्याचा टेकू कसा घ्यायचा, उलटं झालं तर बसल्या जागी पाण्याखालून कंबरेला झटका देऊन वर कसं यायचं — नदी हे एका पावसाळ्यात शिकवते, समुद्राला वर्षं लागतात. मला ते पटलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत दामाला काम नाही, आणि इकडं आमची गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून दुथडी भरून येते. सगळं कसं जुळून आल्यासारखं!

दामाला गरज नव्हती. हे नीट ऐका. त्याला लाटांची भीती नव्हती, त्याला अलिबागला जायचं नव्हतं. तो माझ्यासाठी आला.

नाखव्याला मात्र रुचलं नाही. म्हणाला, "दर्या सा तासांनी मागं फिरतो, पोरा. नदीला मागं फिरनं ठावं नाय." मी पुस्तकी ज्ञान पाजळलं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "दोर घेऊन जावा. एक पान्यात असंल तं दुसरा काठावर. आनि दोराचा झाडाला एक वेढा द्या." आम्ही हो म्हटलं.

सुकापूरच्या पुढं, नदीच्या वरच्या अंगाला आम्ही शिकायला लागलो. काय दिवस होते ते! खडकाच्या आड पाणी कसं निवांत असतं, धारेत शिरताना कुठल्या कुशीवर कलायचं, सगळं हळूहळू अंगात यायला लागलं. पाण्याखालून उलटून वर यायला दामा तिसऱ्या दिवशी शिकला. मला महिना लागला. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तो काठावर नाचला, अक्षरशः नाचला, आणि मला म्हणाला, "आता तू पन्हाळीतला नाखवा झालास!" मी आयुष्यात इतका खूश कधीच नव्हतो.

तिथून खाली एक छोटा बंधारा होता. उन्हाळ्यात बायका त्यावर बसून धुणं धुतात, इतका साधा. पण पाणी वाढलं, की वरून पडलेलं पाणी खाली उलटं फिरतं आणि जे सापडेल त्याला पुन्हा पुन्हा भिंतीकडं ओढतं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दोनदा आम्ही त्यावरून सुखरूप उतरलो होतो. त्या रविवारी पाणी जास्त होतं, लालसर होतं. तरी मी आधी उतरलो, निभावलं. मग दोर घेऊन काठावर उभा राहिलो आणि दामाला हात केला.

आता पुढचं दोनदा सांगावं लागेल. एकदा सगळ्यांना माहीत आहे तसं.

दामा आला, बंधाऱ्याखाली त्याची कयाक आडवी झाली. दोनदा उलटून वर आला, तिसऱ्यांदा कयाकमधून बाहेर फेकला गेला. मी दोर फेकला, त्यानं धरला. त्या उलट्या पाण्यातून निसटायला त्याला थोडी ढील हवी होती, म्हणून तो सवयीनं ओरडला — "सोड!" आणि मी शहरातला माणूस, गडबडीत अर्थ विसरलो, अख्खा दोर सोडला. दुसऱ्या दिवशी दामा खाली पनवेलच्या खाडीत, तिवरांच्या झाडीत सापडला. करंजाच्याच लोकांना सापडला.

असं मी सांगितलं. कुणाला? नाखव्याला. निरोप मिळताच तो करंजाहून निघून बंधाऱ्यावर धावत आला, माझे खांदे धरून गदागदा हलवले. "दोर व्हता ना? दोर व्हता ना रं?" आणि माझ्या तोंडून गेलं, "तो 'सोड' म्हणाला." एवढंच बोललो मी. बाकीचं त्यानंच पुरं केलं. मटकन खाली बसला. "आरं देवा... त्याला ढील पायजे व्हती. त्याला मीच शिकवलंय तसं. तुमी शेरातली मानसं, तुमाला काय ठावं!" पुढं पोलिसांनाही त्यानंच समजावून सांगितलं, माझी बाजू घेऊन.

आता खरं.

फेक चांगली होती. त्या दिवशी तेवढं एकच मी नीट केलं. दामानं दोर दोन्ही हातांनी धरला. झाड माझ्यापासून दहा पावलांवर होतं आणि मी वेढा दिलेला नव्हता — कंटाळा केला होता, दुसरं काही नाही. दोर ताणला गेला. माझे पाय शेवाळावरून सरकले. किती? हातभर. पाण्याचा काठ अजून चार पावलं पुढं होता. चार पावलं! मला खाली बसता आलं असतं, टाचा रोवता आल्या असत्या, मागं खडक होता. दामाचं तोंड मला दिसत होतं. तो ओरडत होता. "धर! धर, दादूस!" दोनदा. स्पष्ट. आणि मला वाटलं — हा मला आत ओढणार.

मी मुठी उघडल्या.

दोर निसटला नाही. माझ्या तळहातावर साधा ओरखडासुद्धा नव्हता, आणि कुणालाही माझे हात बघावेसे वाटले नाहीत. त्यानं माझ्याकडं बघितलं का? हो. बघितलं. त्याला कळलं का? त्याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मी सांगू शकत नाही.

खोटं एका क्षणात बोललो, ठीक. माणूस घाबरतो. पण त्यानंतर सहा वर्षं होती, त्यांचं काय? दामाची आई नवऱ्याला म्हणाली, "तुमचा तो 'सोड' माज्या पोराला खाऊन गेला." वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. नंतर बोलायची, पण गरजेपुरतं. मी गेलो की मला मायेनं वाढायची, मासळीचा तुकडा आधी माझ्या ताटात, आणि नवऱ्याचं ताट त्याच्यापुढं आपटायची. नाखवा मान खाली घालून जेवायचा. मी त्याच्या शेजारी बसून जेवायचो. घास उतरायचा हो माझा! हेच तर सांगायचंय. उतरायचा.

त्यानं होडीवर 'सोड' शब्द बंद केला. कुणाच्या तोंडून चुकून निघाला, तर तो जाळं टाकून उठायचा आणि मागं जाऊन पाठ करून बसायचा. 'ढील' म्हणा, 'दे' म्हणा, तो शब्द नको. बापजाद्यांपासूनचा शब्द, त्यानं स्वतःच्या होडीवरून हाकलला. दामाची आई गेली, तीही त्याला दोष देतच गेली. शेवटच्या आजारात त्याच्या हातून पाणी घेतलं नाही तिनं. मला ठाऊक होतं. मी तिथंच होतो, पाणी मी पाजलं.

दर वेळी पनवेलहून उरणच्या एसटीत बसलो, की वाक्य जुळवायचो. नाखवा, तो 'सोड' म्हणाला नव्हता. चार-पाच शब्द. चिरनेर मागं पडेपर्यंत पाठ व्हायचे. मग करंजा यायचं, नाखवा दारातूनच म्हणायचा, "आलास पोरा? बस," आणि मी बसायचो. चहा घ्यायचो. मासळीचं विचारायचो. परत यायचो.

नाखवा अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं मला निरोप पाठवला. दुपार होती. घरातली माणसं मागच्या अंगणात होती, खोलीत आम्ही दोघंच. तो पार वाळला होता, पण शुद्ध होती, नजर साफ होती. माझा हात चाचपून धरला. म्हणाला, "दामा गेला तो माज्या शब्दानं. पन तुला वाटत असंल, तुज्या हातानं. इतकी वर्सं तू ते वाहिलंस, आनि कदी एक शब्द बोलला नायस मला. मी बगत व्हतो." मग त्याला दम लागला. त्यानं दोन्ही हात जोडले, माझ्यापुढं, आणि म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याला माफी दे, पोरा."

दार लोटलेलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं. तो अजून दोन दिवस जगणार होता.

"दिली, नाखवा," मी म्हणालो.