सात फुटांची साझेन

जमिनीची मोजणी करून नकाशे काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होते. अमेरिकेत, मी राहायचे त्या फ्रीमाँटहून तासाभराचा ड्राइव्ह. जेवणाच्या सुट्टीतही मी डबा घेऊन स्क्रीनसमोरच बसायचे, म्हणजे कुणाशी बोलावं लागत नसे. २००५च्या सुमारास आमच्याकडे एक वेगळंच काम आलं.

उत्तरेला समुद्रकाठी एकेकाळी रशियन लोकांची शेतवाडी होती. तिथला रस्ता आता रुंद होणार होता. वाडीशेजारी एक लहानशी दफनभूमी होती, पण जमिनीवर तिची काही खूण उरली नव्हती. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंची खापरपणजी तिथे पुरलेली. कबरी अगदी रस्त्याला लागून आहेत, त्या डांबराखाली जातील, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. लेखी आधार एकच होता, त्या काळच्या रशियन मोजणीदाराने केलेला नकाशा. त्यातली अंतरं साझेन या जुन्या रशियन मापात होती. ती आजच्या नकाशावर बसवून कबरींची जागा आम्ही सांगायची होती.

ऑफिसात साठीच्या एक रशियन बाई होत्या. मी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणायचे. इथल्यासारखं नुसत्या नावाने हाक मारणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले आणि सांगितलं, साझेन म्हणजे मुळात एवढी. पुढे त्यांच्या एका बादशहाने ती सात इंग्लिश फुटांवर पक्की केली. तिचा तिसरा हिस्सा म्हणजे अर्शिन. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायचे त्या नागपूरच्या काकूंना हे सांगितलं, तर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "म्हणजे आपली वावच की. विहिरीचा दोर वावेनंच मोजत. पण तू कॉन्व्हेंटवाली, तुला कोण सांगणार?" खरंच, तो शब्द मी प्रथमच ऐकत होते.

मावशींचं काम बघत राहावं असं होतं. प्रत्येक आकडा त्या भिंगाखाली बघत आणि रशियनमध्ये पुटपुटून मगच मला सांगत. मोजणीदाराने ओढ्याजवळ एक अंतर दोनदा मोजलं होतं. दोन्ही आकडे थोडे वेगळे आले, तर त्याने दोन्ही लिहून ठेवले होते. मावशींनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. एवढंच. त्या माणसाबद्दल मला आदर वाटायला लागला तो तिथून.

धान्याच्या कोठाराचा दगडी पाया अजून जागेवर होता. त्याचा कोपरा आम्ही जीपीएसने मीटरमध्ये घेतला, त्यावरून जुना नकाशा बसवला, आणि सगळं फुटांत बदलून रस्त्याच्या आराखड्यावर ठेवलं. कबरी रस्त्याच्या पट्ट्याबाहेर, पूर्वेला पडल्या. आमचे बॉस खूश झाले. म्हाताऱ्या बाईंचा गैरसमज आता दूर होईल, असं ते म्हणाले.

मावशींना ते पटेना. आराखड्यातली विहीर आणि जुन्या नकाशातली विहीर यांत बारा फुटांचा फरक होता. टेकडीवरच्या खडकाचंही तेच. पावणेदोनशे वर्षांपूर्वी साखळ्या ओढत मोजलंय, एवढं चुकायचंच, असं बॉसचं म्हणणं.

"चुकणारा माणूस कधी इकडे चुकतो, कधी तिकडे," मावशी म्हणाल्या. "हा दर वेळी पूर्वेलाच चुकतो, तोही बारा फूट? हा चुकलेला नाही. आपण चुकलोय."

मी सेटिंग उघडून पाहिली. अमेरिकेत मोजणीसाठी एक वेगळा फूट वापरतात. तो जगभरच्या फुटापेक्षा इतका किंचित मोठा असतो की खोली मोजताना कळतही नाही. पण नकाशावरची प्रत्येक जागा फार दूरच्या एका आरंभबिंदूपासून लाखो फुटांत मोजलेली असते, आणि तेवढ्या अंतरावर त्या किंचितचे बारा फूट होतात. रस्त्याचा आराखडा मोजणीच्या फुटात होता; आमचा नकाशा जगभरच्या फुटात बदलला गेला होता.

मी हे कागदावर लिहून मावशींकडे सरकवलं. त्यांनी तो न वाचताच परत माझ्याकडे ढकलला. "तूच सांग."

मी सांगितलं. बॉस उठून माझ्या खुर्चीमागे आले आणि त्यांनी फूट बदलायला सांगितला. विहीर विहिरीवर बसली, खडक खडकावर. आणि कबरी सरकून थेट नव्या रस्त्याच्या पट्ट्यात आल्या. मग बॉसनी फोन उचलला. आधी म्हाताऱ्या बाईंना लावला, रस्तेवाल्यांना नंतर. "तुमचंच बरोबर होतं," एवढं वाक्य ते आढेवेढे न घेता बोलले, आणि त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं.

पुढे जमिनीखालचं दाखवणारं यंत्र तिथे फिरवलं. आम्ही सांगितलेल्या जागी खणलेल्या, पुन्हा भरलेल्या मातीच्या खुणा मिळाल्या. रस्ता दुसऱ्या अंगाला रुंद करायचं ठरलं.

कबरींच्या कोपऱ्यांवर छोटी निशाणं लावायला आम्ही गेलो तेव्हा म्हाताऱ्या बाई आधीच येऊन गवतात उभ्या होत्या. हातात फुलं वगैरे काही नव्हतं. यात आपली खापरपणजी कोणती, असं त्यांनी विचारलं. ते कुठलाच नकाशा सांगत नाही, मावशी म्हणाल्या. बाईंनी मान हलवली आणि सगळ्याच जागांवरून सावकाश नजर फिरवली.

शेवटचं निशाण माझ्याकडे होतं. ते रोवायला आत पाऊल टाकण्याआधी मी बूट काढले. बुटात खडा गेला का, असं बॉसनी विचारलं.

मी नाही म्हटलं, आणि आत गेले.